वरच्या मजल्याचा वारा

उन्हाळा तोंडावर आला की लोकांना एकदम आपल्या एसीची आठवण होते. थंडीभर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मग एका दुपारी पाठीला घाम सुटतो आणि घरभर रिमोटची शोधाशोध सुरू होते. रिमोट सापडला तर सेल संपलेले. सेल घातले तर गार हवेऐवजी कुबट धुळीचा वास येतो. घरातली बाई म्हणते, "तरी मी सांगत होते, आधी साफ करून घ्या." मग पुरुष निमूटपणे फोन लावतो. तो फोन आतल्याला असतो.

आतला हे काही त्याचं नाव नव्हे, आईबापांनी चांगलं ठेवलेलं नाव होतं. पण तो आणि त्याचा साडू जोडीनं काम करायचे. थोरल्या बहिणीचा नवरा खोलीत स्टुलावर चढून भिंतीवरचा एसी उघडणार, जाळ्या धुणार, पाण्याची नळी फुंकून मोकळी करणार. धाकट्या बहिणीचा नवरा खिडकीतून बाहेर सज्ज्यावर उतरून बाहेरचं यंत्र धुणार, गॅस तपासणार. लोकांना नावं लक्षात ठेवायचा कंटाळा. एक झाला आतला, दुसरा झाला बाहेरचा. पुढं पुढं तर बायकाही त्यांना तसंच म्हणायला लागल्या. "अगं, तुझा बाहेरचा आत आला का?" असं थोरली धाकटीला फोनवर विचारायची आणि दोघी खिदळत बसायच्या.

बाहेरचा होता बोलघेवडा. शीळ वाजवत यायचा, मुलांशी दंगा करायचा, म्हाताऱ्यांच्या पायाशी बसायचा. आतला कमी बोलायचा, पण बोलला की लोक ऐकायचे. एखादा भाग चांगला असेल तर "बदलू नका" म्हणायचा. नवा एसी घ्यायला निघालेल्या माणसाला "हा अजून चालेल" सांगून परत पाठवायचा. त्याच्या तोंडाकडे बघून कोणाला संशय येणं शक्यच नव्हतं. भागातल्या बायका घराची किल्ली शेजारणीकडे ठेवताना कचरायच्या आणि याच्याकडे बिनधास्त द्यायच्या. या एका गोष्टीचा त्याला गर्व होता. दुसरा कसला गर्व करावा असं त्याच्याकडे काही नव्हतंच.

आता तो आतला का झाला, ते सांगतो. हा माणूस उंचीला घाबरायचा. घाबरायचा म्हणजे काय, खिडकीतून खाली बघायची वेळ आली की मागं सरकून भिंतीला पाठ लावायचा. धंद्याच्या सुरुवातीला एकदा सज्ज्यावर उतरला आणि पाईपला मिठी मारून डोळे मिटून बसला. धाकट्या साडूनं त्याला काखेत धरून आत ओढलं आणि घरमालकाला सांगितलं, "पायाला मुंग्या आल्या त्यांच्या." नंतर जिन्यात हळूच म्हणाला, "दादा, तू आतलं बघ, बाहेरचं माझ्यावर सोड. ही गोष्ट आपल्या दोघांत." आतल्यानं ते बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. एसीवाला आणि उंचीला घाबरतो, म्हणजे हसून हसून मेली असती ती! साडूनं आपली लाज झाकली, हे मात्र तो विसरला नाही. सख्ख्या भावावर करणार नाही इतकी माया त्यानं त्या माणसावर केली. काम हातात धरून शिकवलं ते यानंच. पाईपचा नट घट्ट केला की नटावरून खालच्या पितळी अंगावर तांबड्या रंगाची एक सरळ रेघ ओढायची, हेसुद्धा यानंच शिकवलेलं. रेघ सरळ असली तर नट जागेवर. रेघ तुटलेली दिसली तर समजायचं की नट फिरला.

दर वर्षी एक गोष्ट व्हायची. वरच्या मजल्यांवरच्या बऱ्याच घरांत एसी लावला की हवा यायची, पण गारवा यायचा नाही. आतला पाईपला हात लावून बघायचा, कॉइलवर बर्फ धरलेला असायचा. मग भिंतीतल्या भोकातून बाहेरच्याचा आवाज यायचा, "दादा, गॅस कमी आहे रे! भरावा लागणार!" आतला घरच्यांना तसं सांगायचा. लोक विचारायचे, "गेल्याच वर्षी तर भरला होता?" त्यावर आतला सांगायचा, "वरच्या मजल्याला वारा जास्त लागतो. यंत्र थरथरतं, नट सैल होतात, गॅस गळतो. तळमजल्यावर बघा, कोणाचा गळत नाही." हे त्याला बाहेरच्यानंच सांगितलं होतं. तळमजल्याची यंत्रं अंगणात असायची, ती आतला स्वतः बघायचा, आणि खरंच त्यांचा गॅस कधी कमी व्हायचा नाही. याला वाटायचं, केवढी बारीक नजर आहे आपल्या साडूची.

यंदा गंमत झाली. वर्षानुवर्षं सज्ज्यांवर मांजराच्या पावलांनी फिरलेला बाहेरचा स्वतःच्या घरात न्हाणीघराच्या उंबऱ्यावर घसरला आणि पाय मुरगळून बसला. डॉक्टरनं पट्टा बांधला आणि हलायचं नाही म्हणून सांगितलं. इकडे ऊन चढायला लागलेलं, आतल्याच्या फोनला उसंत नाही.

"दादा, थांब थोडा," बाहेरचा फोनवर म्हणाला. "मी बरा झालो की सगळी कामं उरकू. तू एकटा काही करू नकोस. तुला ते जमायचं नाही, माहीत आहे ना?"

आतल्याला गहिवरून आलं. पडलाय स्वतः, आणि काळजी माझी करतोय! पण थांबणं शक्य नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या वहिनींचा सारखा फोन येत होता. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, उकाडा सोसवायचा नाही. गेल्या उन्हाळ्यात ऐन कडाक्यात त्यांचा एसी गार हवा द्यायचा बंद झाला आणि म्हातारीची शुद्ध हरपली. हे दोघे साडू नेमके तक्रार बघायला तिथं पोचलेले. लिफ्ट बंद होती. बाहेरच्यानं मागचापुढचा विचार न करता म्हातारीला पाठीवर घेतलं आणि तीन जिने उतरून रिक्षात नेऊन बसवलं. म्हातारी वाचली. तेव्हापासून त्या घरात बाहेरच्याला देवाच्या खालोखाल मान होता.

त्या म्हातारीसाठी आतल्यानं मनाचा हिय्या केला. कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक खिडकीच्या उघडणाऱ्या जाळीच्या गजाला तीन गाठी मारून बांधलं, आणि वहिनींना म्हणाला, "तुम्ही जरा स्वयंपाकघरात जाता का? मला एकट्याला बरं पडतं." त्या गेल्या. मग तो खिडकीत बसला, एक पाय बाहेर टाकला, परत आत घेतला, परत बाहेर टाकला. मनातल्या मनात साडूला हाक मारली. शेवटी भिंतीकडे तोंड करून, खाली अजिबात न बघता, बुडावर सरकत सरकत यंत्रापर्यंत पोचला. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. पण पोचला गडी!

यंत्राचं झाकण काढलं आणि समोर नट दिसला. रेघ तुटलेली होती. नटावरची रेघ एकीकडे, पितळेवरची दुसरीकडे, मध्ये बोटाच्या पेराएवढाही नाही असा फरक. साबणाचा फेस लावला तर बुडबुडे धरायला लागले. वारा, दुसरं काय! त्यानं पाना लावून नट घट्ट केला, गॅस भरला, आत आला आणि पाणी प्यायला.

"काय झालं होतं?" वहिनींनी विचारलं.

"थरथरीनं नट सैल झाला होता. आता गार होईल बघा."

घरी जाताना त्याची छाती फुगली होती. एवढं धाडस अंगात होतं हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या इमारतीत गेला, तिथंही बाहेर उतरला. तिथंही रेघ तुटलेली. आणि फरक तेवढाच.

इथं त्याला पहिल्यांदा शंका आली. पण म्हटलं, असेल. तिसऱ्या घरी गेला. तीच रेघ, तोच फरक, त्याच बाजूला. आता हा माणूस साधा असेल, बावळट नव्हता. थरथरीनं नट सैल होतात हे खरं, पण कुठं जास्त, कुठं कमी, कुठं होतही नाहीत. इतक्या घरांतले इतके नट एकाच मापानं फिरत नाहीत. तसे ते हातानंच फिरतात, पाना लावून. आणि वाऱ्याचंच म्हणाल, तर हे तिसरं घर दोन उंच इमारतींच्या बेचक्यात होतं. तिथं वाळत घातलेला टॉवेलसुद्धा हलत नव्हता.

तो तिथंच सज्ज्यावर बसून राहिला. आता खाली बघितलं तरी त्याला काही वाटत नव्हतं. तळमजल्याचा गॅस का गळत नाही, हे त्याला आत्ता कळलं. तळमजल्याचे नट तो स्वतः आवळत होता, एवढंच त्याचं कारण होतं! आणि वरच्या वाऱ्याची ती थाप त्यानं आपल्या तोंडानं घरोघर सांगितली होती. लोकांनी मान डोलावली होती, कारण आतले सांगतायत म्हणजे खरंच असणार.

मग त्याला म्हातारी आठवली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या उन्हाळ्यात ती मरता मरता वाचली, तिला पाठीवरून खाली नेलं, आणि त्यानंतर दुरुस्ती करताना या नराधमानं परत तिचाच नट सैल करून ठेवला होता! रेघ सांगत होती ना.

तो तसाच हत्यारांची पिशवी घेऊन साडूच्या घरी गेला. बाहेरचा पलंगावर उशीवर पाय टाकून टीव्ही बघत होता. मेहुणीनं हसून दार उघडलं. "या भावोजी, चहा टाकते," म्हणून ती आत गेली.

"दादा! ये ये. ऐकलं मी, बाहेर उतरलास म्हणे! शाब्बास!"

"नट कोणी सैल केले?" आतल्यानं विचारलं.

बाहेरच्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. "वाऱ्यानं," तो म्हणाला, पण आतल्याच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू ओसरलं. "बस ना आधी."

"बसायला नाही आलो. सगळ्या रेघा एका मापाच्या आहेत. मी शिकवली तुला ती रेघ. खुणेसाठी शिकवली होती, मापासाठी नाही."

"हळू बोल, आत मुलं आहेत." मग त्यानं उसासा टाकला. आता लपवायचा त्यालाही कंटाळा आला असावा. "हे बघ, सगळीकडे घट्ट करून ठेवलं तर उन्हाळ्यात आपल्याला कोण बोलावणार? फुंकर मारून जाळी तर कोणीही धुतो. आणि तू कशाला एवढा तापतोस? तू कधी खोटं बोललास? एकदा तरी? तुला पाईपवर बर्फ दिसला, गॅस कमी होता, ते तू सांगितलंस. खरंच होतं ते."

"तू सोडलास म्हणून कमी होता!"

"ते मला माहीत. तुला नव्हतं ना?"

"मला का नाही सांगितलंस?" हे विचारताना आतल्याचा आवाज फुटला. त्याला स्वतःचाच राग आला. रडायला का आलो होतो इथं?

बाहेरच्यानं त्याच्याकडे अगदी आपलेपणानं बघितलं. "कसं सांगणार, दादा? माझं तोंड बघ. या तोंडानं मी गॅस कमी आहे म्हटलं असतं, तर लोकांनी दुसऱ्या माणसाला बोलावून खात्री करून घेतली असती. तुझ्या तोंडाकडे बघितलं की कोणी काही विचारत नाही. तुला कळलं असतं तर ते तोंड राहिलं असतं का तुझं?"

याला म्हणतात केसानं गळा कापणं. एवढी वर्षं आतल्याला वाटत होतं की या धंद्यात बाहेरच्याचे हातपाय आणि आपला शब्द. शब्दही त्यानंच वापरला, आणि मालकाला न विचारता. आतल्या गाठीचा माणूस तो, आणि लोक त्याला बाहेरचा म्हणत होते!

"आणि ती म्हातारी?" आतल्यानं विचारलं.

बाहेरच्यानं नजर खाली घातली. "तेवढं चुकलं. त्या वेळी हात जरा जास्त फिरला होता. म्हणून तर उचलून नेली ना मी. त्यानंतर जपून फिरवला."

जपून फिरवला! आतल्याला वाटलं, पाना घ्यावा आणि याचा दुसराही पाय जायबंदी करावा. पण मेहुणी चहाचा ट्रे घेऊन आली. तिच्यापुढं काय बोलणार? ती बिचारी विचारत होती, "भावोजी, साखर बरोबर आहे ना?" त्यानं कप हातात घेतला, तसाच खाली ठेवला आणि निघाला. "उद्या सगळ्यांना सांगणार आहे," असं दारातून म्हणाला. बाहेरच्यानं टीव्हीचा आवाज परत वाढवला.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या बहिणीच्या संसाराचं काय?" त्यालाही ते कळत होतं. पण ज्यांनी आपल्या हातात घराच्या किल्ल्या दिल्या, त्यांच्यासमोर आता कुठल्या तोंडानं उभं राहायचं? त्याच्याकडे एवढा एक शब्दच होता आणि तो त्याला परत हवा होता. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो सगळ्यात आधी शिवणकामवाल्या वहिनींकडे गेला.

वहिनी मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी त्याच्यासाठी दाराजवळ खुर्ची सरकवली, नेहमीसारखी. आतला बसला नाही. उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. नट, रेघ, माप, वारा, सगळं. गेल्या वर्षी एसी का बंद पडला तेही सांगितलं. बोलताना तो अडखळला, घाम पुसला, परत पहिल्यापासून सांगितलं. इतकं लांबलचक तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

वहिनींचं मशीन थांबलं होतं. सगळं ऐकून झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांचा फोन आला होता मला सकाळी."

"कोणाचा?"

"तुमच्या साडूंचा. म्हणाले, दादा येतील, काहीबाही बोलतील, मनावर घेऊ नका. एकट्यानं काम करायला लागल्यापासून त्यांचं जरा बिनसलंय. ऐकून घ्या, एवढंच म्हणाले. एक वाकडा शब्द नाही तुमच्याबद्दल."

"वहिनी, मी रेघ दाखवतो तुम्हाला. दुसऱ्या घरांत अजून..."

"त्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, थरथरीनं सैल झाला? मग आज असं का?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट मऊ झाला होता आणि तेच वाईट होतं. "अहो, आम्हाला माहीत आहे तुम्हाला उंचीची भीती वाटते. त्यात काय एवढं? ते सांगतात ना कधीचं सगळीकडे, आमच्या दादांना खिडकीपासून लांब बसवा, नाहीतर तुम्हालाच धरावं लागेल. हसतो आम्ही. म्हणून तर खुर्ची दाराजवळ ठेवते मी तुमची. पण त्यांना सहज जमतं आणि तुम्हाला जड जातं, म्हणून हे असं बोलायचं? माझ्या सासूला पाठीवरून नेणाऱ्या माणसाबद्दल?"

आतला खुर्चीकडे बघत राहिला. इतकी वर्षं त्याला वाटायचं, मानाच्या माणसाला दारातली हवा लागावी म्हणून ती तिथं ठेवतात. दोघांतली गोष्ट म्हणे! सगळ्या भागाला ठाऊक होती. खाली वॉचमनला ठाऊक असेल, पोराबाळांना ठाऊक असेल. आणि जिन्यातून उतरताना साडूच्या खांद्यावर हात टाकून हा कृतज्ञतेनं चालत होता.

"वहिनी, मी खोटं कशाला बोलेन?" तो एवढंच म्हणाला.

"बोलला नाहीत कधी," त्या म्हणाल्या. "म्हणूनच वाईट वाटलं. त्यांचा पाय बरा झाला की त्यांनाच पाठवा. तुम्ही आलात तरी चालेल, पण आधीसारखे, दोघं मिळून." आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

तो वळला तेवढ्यात आतल्या खोलीतून म्हातारीची हाक आली. एसी चालू होता, खोली छान गार झाली होती, म्हातारी गळ्यापर्यंत चादर ओढून पडली होती. तिला बाहेरचं बोलणं ऐकू गेलं नसावं. तिनं हात पुढं केला आणि त्याचं मनगट धरलं.

"तुझा तो जोडीदार पडला म्हणे रे. कसा आहे पाय?"

"बरा आहे आजी."

"जप हो त्याला. फार चांगला माणूस आहे. आहे की नाही?"

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आतल्यानं त्यांच्याकडे बघितलं, म्हातारीच्या हाताकडे बघितलं.

"आहे," तो म्हणाला. "चांगला आहे."

त्या घरात तो पहिल्यांदाच खोटं बोलला, आणि दोघींनाही ते लगेच पटलं.